पदकं लावलेला मालक

छातीवर पदकं आणि हातात बादली. दोह्यातल्या मदिनत खलीफा भागात, ज्यांच्या इमारतींचे एसी मी सांभाळायचो त्या शेठच्या व्हिलात, वरच्या मजल्यावर, स्टुलावर उभा होतो मी. अंगात कोट. कोट शेठचा, खांद्यात सैल. पदकं माझी.

शेठच्या बायकोने सुचवलं होतं, "अहो, कॉल लागेपर्यंत हा रिकामाच बसलाय ना? मुलांच्या खोलीतला एसी गळतोय, बघू दे की त्याला."

"जा रे, बघून घे," शेठ म्हणाले. "कोट नको काढूस. पुन्हा पदकं लावत बसायला नको."

गेलो. का गेलो? सवय. फौजेच्या वर्कशॉपमध्ये हेच केलं, हवालदार म्हणून निवृत्त झालो, दोह्यात येऊन पुन्हा हेच. एसी गळतोय म्हटलं की हात आपोआप वर जातो. पाण्याचा पाइप तुंबला होता. हात उचलला की पदकं एकमेकांवर आपटायची. त्यातलं एक बर्फातल्या पोस्टिंगचं. तिथून माझा जोडीदार खाली आला तो शवपेटीतून. त्या पदकावर एसीचं घाण पाणी ठिबकत होतं.

खालून हाक आली. "चला मालक! कॉल लागला."

दिवाणखान्यातले सगळे हसले.

मालक कसला? माजी सैनिकाच्या कंपनीला आपल्याकडे सरकारी कंत्राटात प्राधान्य मिळतं. शेठना साताऱ्याकडच्या सरकारी इमारतींची एसीची कामं हवी होती. शेठ कधी फौजेत नव्हते. म्हणून तिकडे माझ्या नावावर कंपनी काढली. पैसा त्यांचा, माणसं त्यांची, बँकेत सही त्यांच्या मेहुण्याची.

मला त्यात वावगं वाटलं नाही. दोह्यातलं माझं एसी दुरुस्तीचं दुकान मी उभं केलं, पण इथल्या कायद्यामुळे पाटीवर नाव कतारी भागीदाराचं. त्याने दुकान आतून पाहिलेलंसुद्धा नाही. इथे माझ्यासारखे कितीतरी असाच धंदा करत आले. म्हटलं, इतकी वर्षं दुसऱ्याचं नाव भाड्याने घेतलं, आता आपलं द्यायला काय हरकत? घासाघीस मला येते. दोनदा बैठकीतून उठून निघालो, दोनदा शेठनी परत बोलावलं, नफ्यातला माझा हिस्सा मी वाढवून घेतला. भाव वाढवला. विकतोय काय, ते पाहिलंच नाही.

त्याच संध्याकाळी बायकोला फोन केला. "मंगल, काम सुरू झालं की कायमचा येतो." ती रडत होती.

हा कॉल म्हणजे सरकारी कंत्राटदारांच्या यादीत नाव चढण्याआधीची पडताळणी. व्हिडिओवर एक मॅडम होत्या. शेठ लॅपटॉपच्या मागे, मॅडमना दिसणार नाहीत असे बसले.

"तुम्ही कतारमध्ये, कंपनी साताऱ्यात. मग कामाचे निर्णय कोण घेतं?"

उत्तर पाठ करून घेतलं होतं. मीच, रोज फोनवरून. शेठ मान हलवून खुणावत होते, बोल, बोल. त्यांच्या धाकट्याने माझ्याकडे बोट दाखवून आईला काहीतरी विचारलं. ती तोंडाला पदर लावून हसली.

कोटाच्या बाहीतून पाणी मनगटावर उतरत होतं.

"मॅडम," मी म्हणालो, "कंपनी माझी नाही. नाव माझं आहे. निर्णय घेणारा माणूस माझ्यासमोर बसलाय."

शेठनी लॅपटॉप फाडकन मिटला.

"नालायका! तुझ्यासारख्याला खुर्ची दिली, हीच चूक."

मी कोट काढला. पदकं एकेक सोडवली. राग आला होता, आणि खोटं कशाला सांगू, रडूही येत होतं.

"वर बादली भरत आली असेल," मी म्हणालो. "उतरवायला माणूस बघा."

"खलास," शेठ म्हणाले. "माझ्या एकाही इमारतीत पाय ठेवायचा नाही."

खलास म्हणजे खलासच झालं. त्यांच्या इमारतींवरच माझं दुकान चालायचं. तिकडे कंपनी यादीत गेली नाही आणि माझ्या नावापुढे 'नावापुरता मालक' असा शेरा पडला. मंगलला सगळं सांगितलं. तिने एवढंच विचारलं.

"मग आता कधी येणार तुम्ही?"

तारीख अजूनही ठरलेली नाही. मुलगी बारावीला गेली. तिची उंची मी फोनच्या पडद्यावर पाहतो.

पण अर्ज मी पुन्हा करणार आहे. कंपनी लहान असेल. साताऱ्यात एक गाळा, एक मदतनीस, सही माझी, निर्णय माझे, नुकसानही माझं. कोणीही पडताळणीला या, गाळ्यात मीच भेटेन. तो जुना शेरा माझ्या तोंडावर वाचा. मी नाव विकायला निघालो होतो, हे मीच सांगेन. नाकारलं तर पुन्हा अर्ज करेन.

आणि पुन्हा कोणी शेठ नाव मागायला आला, तर जन्मभर घासाघीस केलेला हा माणूस त्याला भाव सांगणार नाही. दार दाखवील.