माझा श्री बंदुकीखाली

१९९२ साल. मी सत्तेचाळीस वर्षांचा. लढाई संपून कुवेत पुन्हा उभं राहत होतं. पळणारे इराकी सैनिक बंदुका जिथं-तिथं टाकून गेले होते, आणि सरकार रोज रेडिओवर बजावत होतं की हत्यारं पोलिसात जमा करा, ज्याच्या घरात सापडतील तो तुरुंगात जाईल. जो लपवायला मदत करील तोही.

मी सुतार. माझ्या कफीलचं, म्हणजे ज्याच्या नावावर माझा व्हिसा होता त्या शेठचं, दस्मानला मोठं घर. लुटीत फुटलेलं तिथलं लाकूडकाम मीच केलं. बैठकीच्या खोलीत एक लांब दिवाण करायला सांगितला, खाली खण, आणि खणाला दुहेरी तळ. "सोनं ठेवायला," म्हणाला. लुटीत पोळलेला माणूस, मला खरंच वाटलं.

आमच्या घराण्याची रीत आहे. काम सुरू करताना पहिल्या फळीच्या आतल्या अंगाला पेन्सिलीनं श्री काढायचा, खाली आपलं आडनाव. मी चौथी नापास, पण तेवढी अक्षरं माझी मोत्यासारखी. ती पहिली फळी खालच्या तळाला गेली होती.

काही दिवसांनी खण अडकतो म्हणून बोलावलं. रंधा मारायला वरचा तळ उचलला, तर घोंगडीत गुंडाळलेली बंदूक! माझ्या श्रीवर निजवलेली.

कफील मागंच उभा होता. मी मोडक्या हिंदीत म्हटलं, "शेठ, ये पोलिस में दो."

"खल्ली वल्ली," तो हसला. म्हणजे सोडून दे. "तू सुतार है. लकडी देख."

"पकडा तो?"

"मेरे घर में कौन आता है?"

माझं डोकं फिरलं. रिग्गई भागातल्या आमच्या खोलीवर आलो. खोलीतला एक रत्नागिरीचा मुसलमान गडी त्याच कफीलची गाडी चालवायचा. त्याला सगळं सांगितलं.

"सुतारभाऊ, तुम्ही खिळे सांभाळा, बंदूक तो सांभाळेल."

"आणि पोलिसांनी तळ उचलला तर? त्या घरात देवनागरी लिहिणारा दुसरा कोण आहे? तू?"

"मी नाय बाबा! मी फक्त हॉर्न वाजवतो." मग त्याचं हसू गेलं. "पासपोर्ट त्याच्याकडे आहे, भाऊ. उद्या व्हिसा कॅन्सल करील. पोरीचं लग्न काढलंय ना तुम्ही?"

काढलं होतं. म्हणून तर जास्त चीड आली. कायदा त्यांचा, मोडणार ते, आणि आत जाणार मी? वर म्हणे लकडी देख! अरे, लाकूडच बघतोय मी. माझ्या बापानं शिकवलेलं अक्षर चोरून ठेवलेल्या बंदुकीची गादी व्हायला काढलं नव्हतं. पुसून टाका म्हणाला ड्रायव्हर. पुसू? मी काय गुन्हा केला होता?

दुसऱ्या दिवशी सकाळी अवजारांची पिशवी घेऊन मी दस्मानला गेलो. कफील बैठकीत चहा पीत होता. त्याच्यासमोर खण ओढला, बंदूक उचलून त्याच्या गालिच्यावर ठेवली, श्रीची तळाची फळी उचकटली, आणि ती खांद्यावर टाकून, कामगारांच्या मागच्या दारानं नव्हे, पुढच्या दारानं बाहेर पडलो.