करून राहिलो

कापूस वेचून झाला की शेतात पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, उरते. ती मुळासकट उपटायची, आणि आमच्या वऱ्हाडात ते काम बायकांचं. त्या दिवसांत माझ्या आईचे तळहात असे फाटत की तिला भाकर थापता येत नसे. म्हणून पऱ्हाटी उपटायचा लोखंडी चिमटा निघणार म्हटल्यावर मी हावरटासारखा त्यात घुसलो. अकोल्याच्या कॉलेजातल्या एका पुणेकर इंजिनिअरनं तो कागदावर काढला होता. अमरावतीच्या एका जिनिंगमधला फिटर तो घडवणार होता. मी शेतकी खात्यातला, दोघांमधला निरोप्या. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, तशी माझी गत.

वरिष्ठांनी बजावलं होतं, या हंगामात चिमटा चालवून दाखवला नाही तर प्रयोग बंद.

इंजिनिअरसाहेबांनी परस्पर फिटरला ट्रंककॉल लावला. "चिमट्याचं काय झालं?"

"करून राहिलो ना साहेब!"

साहेब खूश. त्यांनी लगेच वरिष्ठांना दुसऱ्या दिवशी मूर्तिजापूरजवळ, माझ्या गावच्या शेतावर बोलावलं. सकाळी आम्ही अमरावतीला चिमटा आणायला गेलो, तर त्याचे दोन्ही जबडे भट्टीपाशी वेगवेगळे पडलेले.

"काल खोटं बोललात!" साहेब कडाडले.

"म्या काहून खोटं बोलू? करूनच राहिलो ना!" फिटरनं हातोडा आपटला. "आता तुमचं तुमी करा."

मला हसू फुटलं. पुण्याच्या कानाला 'करून' म्हणजे काम संपलं. आमच्याकडे 'करून राहिलो' म्हणजे हात अजून कामातच आहे. मी तेवढं सांगितलं. साहेब चमकले. राग विसरून त्यांनी फिटरलाच विचारलं, "मग झाल्यावर काय म्हणता?"

"केलं म्हनतो. दुसरं काय म्हनावं?"

साहेब मोठ्यानं हसले आणि बाह्या सारून भात्यापाशी बसले. एका शब्दावर एवढं अडतं कसं, याचं नवल मला अजून वाटतं.

चिमटा जोडून आम्ही तिघं शेतावर पोचलो तेव्हा दुपार कलली होती. वरिष्ठ वैतागून बसले होते. आईनं चिमट्यात पऱ्हाटी धरली, दांडा दाबला. मुळासकट वर आली. मग दुसरी, तिसरी. सगळी ओळ संपवूनच ती थांबली आणि आमच्याकडे वळली.

"इतकंच होतं तं," ती म्हणाली, "आतापावतर कोनी काहून नाई केलं?"