वाईट काय ते आधी सांगा

"या वयात ह्यांना संकेतस्थळ हवंय म्हणे!" खालच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात माझ्या आईला सांगत होत्या, आणि आईच्या हातातली कोथिंबिरीची जुडी अर्ध्यावरच थांबली होती. मी वरच्या पायरीवर सँडलचा पट्टा लावत होते. यात दचकण्यासारखं काय आहे ते मला कळेना, कारण इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे संकेतस्थळ म्हणजे प्रेमिकांनी चोरून भेटायची जागा, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि वर्तमानपत्रांनी तो शब्द नुकताच वेबसाइटला लावला होता. काकांनी तो तिथून उचलला आणि सकाळी चहा पिता पिता जाहीर केलं, "मला स्वतःचं संकेतस्थळ काढायचंय. ठाण्यात एकजण आहे." काकूंचं बाकी काही ऐकणंच झालं नाही. "ठाण्यात!" त्या आईला म्हणाल्या, "डोंबिवलीत ओळखीचे लोक भेटतात ना, म्हणून."

हे खालच्या मजल्यावरचे काका जगातल्या कुठल्याही माणसावर डोळे मिटून विश्वास ठेवायला तयार असत. त्या माणसाने आधी स्वतःची निंदा मात्र करायला हवी. आंबेवाल्यापुढे उभे राहून ते पेटीकडे न बघता त्याच्या डोळ्यांत बघत आणि विचारत, "यात वाईट काय ते आधी सांगा." आंबेवाला "सगळा माल एक नंबर, काका" म्हणाला की काका पुढे. एखाद्याने कंटाळून "खालच्या थरातले दोन डागी आहेत" म्हटलं की तीच पेटी डागी आंब्यांसकट घरी यायची. शिंप्याने "बाह्या कधीकधी लांब होतात माझ्याकडून" असं कबूल केलं, तेव्हापासून काकांचे सगळे शर्ट त्याच्याकडेच शिवले गेले आणि सगळ्यांच्या बाह्या लांब झाल्या. भाचीच्या लग्नाच्या बोलण्यांतही त्यांनी मुलाच्या वडिलांना तोच प्रश्न टाकला. वडील बराच वेळ विचार करून म्हणाले, "घोरतो." काका उठले, त्यांना मिठी मारली आणि लग्न ठरलं. संसार चांगला चालला आहे. भाची दुसऱ्या खोलीत झोपते.

फोनबद्दल त्यांचं वेगळंच शास्त्र होतं. घरात फोन होता, पण काकांनी कधी कोणाला लावल्याचं मी पाहिलं नाही. "फोन म्हणजे दाराची घंटा," ते सांगत. "ती बाहेरच्याने वाजवायची असते. आपण घरात बसून आपलीच घंटा वाजवतो का?" दर रविवारी सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून फोनशेजारच्या खुर्चीत बसत, कारण त्यांचा मुलगा न्यू जर्सीत होता आणि त्याचा फोन रविवारी यायचा. पुढे तो दर रविवारी येईनासा झाला. शर्टाची इस्त्री चुकली नाही. त्यांचं दार कायम उघडं असे आणि मी जिन्यातून जाता-येता खाली मान घालून सगळं बघत असे, म्हणून मला हे माहीत.

काका एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसातून निवृत्त झाले होते, आणि आयुष्यभर दुसऱ्यांची यंत्रं रेखाटून झाल्यावर त्यांनी स्वतःचं एकच यंत्र काढलं: घडीचा आकाशकंदील. बांबूच्या कामट्या, पतंगाचा कागद आणि मध्ये पत्र्याचा एक खटका. खटका दाबला की कंदील छत्रीसारखा मिटून बॅगेच्या तळाशी सपाट जायचा आणि अमेरिकेत पुन्हा दाबला की फट् करून उघडायचा. आमच्या भागात दर इमारतीमागे एक तरी मुलगा अमेरिकेत होता, त्यामुळे दिवाळीआधी आया काकांच्या दारात रांग लावत. त्या खटक्याचा साचा काकांनी कित्येक वर्षं खपून बनवला होता. तो चपलांच्या खोक्यात, काकूंच्या जुन्या साडीत गुंडाळलेला असे, आणि तो कोणाच्या हातात दिलेला काकूंनीही पाहिला नव्हता.

मुलगा मागच्या वेळी आला, तेव्हा त्याच्यासाठी बांधलेला कंदील कपाटावरच राहिला. "बाबा, तिकडे आता सगळं नेटवर मिळतं," तो म्हणाला. वाईट हेतूने म्हणाला नाही. पण काकांनी तो कंदील कपाटावरून खाली काढला नाही, आणि मग एका संध्याकाळी त्यांनी मला हाक मारली. "ए कॉन्व्हेंट, इकडे ये. इंटरनेट कुठे असतं?"

मला तरी नीट कुठे माहीत होतं? बाळकुमला माझ्या मामाकडे मी ते पाहिलं होतं, तेवढंच सांगितलं. आधी मांजरांचं भांडण चालल्यासारखा आवाज येतो, मग चित्र वरून खाली हळूहळू उतरतं, आणि ते चालू असेपर्यंत घरातला फोन बंद पडतो, कारण तार एकच असते.

"म्हणजे एक तर बघायचं, नाहीतर बोलायचं. उत्तम!" काका म्हणाले. "तुझ्या काकूलाही असं यंत्र बसवता येईल का?" मग आवाज उतरवून म्हणाले, "तो दिवसभर त्या पडद्यापुढे बसलेला असतो गं. म्हटलं, कंदील तिथेच लावू. येता-जाता दिसेल तरी."

हे त्यांनी मलाच का सांगितलं याचा मी पुष्कळ विचार केला. बहुधा मी कोणाला काही सांगत नाही, म्हणून.

इंग्रजी वाचायला म्हणून मला सोबत घेऊन काका आधी कल्याणला गेले. तिथे एका कॉम्प्युटर क्लासचे सर वेबसाइटही करून देत. काकांनी बसायच्या आधीच प्रश्न टाकला. सरांनी चष्मा पुसला. "वाईट? वाईट बरंच आहे, काका. पान बनवणं सोपं, ते लोकांना सापडणं अवघड. कित्येक महिने कोणी फिरकणारही नाही. फोटो मोठा टाकला तर उघडायला इतका वेळ लागेल, की बघणारा चहा पिऊन येईल. आणि अमेरिकेतला कोण बघेल, ते मी नाही सांगू शकत." काकांच्या नियमाप्रमाणे तिथल्या तिथे मिठी मारायला हवी होती. पण ते नुसते "बरं" म्हणाले आणि जिना उतरले. मी गोंधळले. काका माझ्याहून जास्त गोंधळलेले दिसत होते. "माणूस चांगला आहे," ते खाली आल्यावर म्हणाले, "पण अमेरिकेला नाही म्हणतो."

ठाण्याचा माणूस अमेरिकेला हो म्हणत होता. टेंभी नाक्याजवळ त्याचं काचेच्या दाराचं ऑफिस होतं, टाय होता, एसी होता. काका दाखवायला आणलेलं साच्याचं खोकं छातीशी धरून बसले आणि त्यांनी विचारलं, "तुमच्या कंपनीत वाईट काय ते आधी सांगा."

"वाईट?" तो हसला. "अंकल, काहीच नाही! आम्ही तुम्हाला सर्चमध्ये टॉपला टाकणार. फुल गॅरंटी."

मी उठायच्या तयारीने पर्स खांद्याला लावली. काका उठले नाहीत.

"अमेरिकेत दिसेल ना? न्यू जर्सीत?"

"न्यू जर्सी तर आपलं खास आहे, अंकल! हे बघा, लाइव्ह." त्याने पडदा आमच्याकडे वळवला. झगमगत्या पानाखाली एक आकडा भराभर वाढत होता. "हे सगळे आत्ता बघतायत, तिकडून. तुम्ही फक्त साचा आमच्याकडे जमा करायचा, वेबसाइटचं नाव आमच्या कंपनीच्या नावावर रजिस्टर. म्हणजे चोरीचं टेन्शन नाही."

"मग कंदील मी करायचे नाहीत?"

"तुम्ही रिलॅक्स करायचं!"

काका पडद्याकडे बघत होते. त्या आकड्यात एखादा माणूस ओळखीचा दिसतो का, असं काहीसं. त्यांचा हात खोक्याच्या दोरीवर गेला आणि गाठ सुटायला लागली. मला काहीतरी खटकत होतं, पण काय ते सापडत नव्हतं. मांजरांचं भांडण ऐकू आलं नव्हतं का? की आपण आल्यापासून ते चालूच असेल? तेवढ्यात टेबलावरचा फोन खणखणला.

मी काकांची लांब बाही ओढली आणि फोनकडे बोट केलं.

काकांनी फोनकडे बघितलं, मग पडद्याकडे. आकडा वाढतच होता. "तार एकच आहे का हो तुमची?" त्यांनी फार नम्रपणे विचारलं.

"हो, दुसरी लाइन अप्लाय केलीय. एक मिनिट हं, अमेरिकेहून असेल."

"मग अमेरिका पडद्यात आहे की फोनमध्ये?"

त्याने रिसीव्हर उचलला. पलीकडचा आवाज चांगला मोठा होता आणि डब्यात आज भेंडी चालेल का विचारत होता. काकांनी गाठ पुन्हा बांधली, दोन वेळा, आणि खोकं उचललं.

नाक्यावर आम्ही उसाचा रस घेतला. काकांनी रसवाल्याला काहीच विचारलं नाही, तेव्हा मला खरी काळजी वाटली. पुढे कल्याणच्या सरांनीच ते पान केलं, फोटो अगदी लहान टाकून, आणि काकूंनी त्या शब्दाबद्दल काकांना अजून माफ केलेलं नाही; पण त्या दुपारी यातलं काहीच ठरलं नव्हतं. काका खोकं मांडीवर घेऊन बाकावर बसले होते. "काहीच वाईट नाही म्हणाला, तेव्हाच उठायला हवं होतं. का नाही उठलो गं मी?" त्यांनी ग्लासातला बर्फ हलवला. मग हसले. "इतकी वर्षं लोकांना विचारतोय. मला कोणी सांगितलं नाही. सांग बघू कॉन्व्हेंट, माझ्यात वाईट काय?"

माझ्याकडून उत्तराची सवय त्यांना नव्हतीच. ते उठून सुटे शोधायला लागलेही होते. मी ग्लास खाली ठेवला.

"काका," मी म्हणाले, "घंटा बाहेरच्याने वाजवायची असते ना? मग न्यू जर्सीतल्या दाराबाहेर तर तुम्हीच उभे आहात."