महारुद्रअप्पाच्या स्वस्त गोळ्या

सरळ माणसाचं देव भलं करतो असं कुणी म्हणालं, की मी त्याला आमच्या महारुद्रअप्पाच्या दुकानात नेऊन बसवावं म्हणतो. बसू दे घटकाभर, मग बोलू दे.

अप्पा माझा शेजारी. नेकनूरच्या बसस्टँडजवळ माझं कापडाचं दुकान आणि भिंतीला भिंत लागून त्याचं मेडिकल. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, आणि बोलणं इतकं हळू की गिऱ्हाईकाला पुढे वाकून ऐकावं लागतं. माझ्याकडे बायका घासाघीस केल्याशिवाय साडीला हात लावत नाहीत. अप्पाकडे उलटी गंगा. तो स्वतःच भाव उतरवायचा आणि गिऱ्हाईक बिचकायचं.

त्याचं असं आहे. गोळीतलं औषध एकच, पण ती बनवणाऱ्या कंपन्या ढीगभर. त्यातल्या कितीतरी कंपन्या पाकिटावर वाटेल तो भाव छापतात आणि दुकानदाराला मात्र मातीमोल देतात. मधला मलिदा दुकानदाराचा. तालुक्यात हे सगळेच खातात. अप्पा खात नव्हता. आपला बेताचा नफा धरायचा आणि उरलेलं गिऱ्हाईकाला सोडायचा. पाकिटावर छापलेत शंभर आणि हा मागतो वीस, म्हणजे माल खोटा असणार, असं लोकांनी धरलं. म्हातारी माणसं तर पाकीट नाकाला लावून वास घ्यायची.

"अप्पा, ऐंशी तरी घे की," मी म्हणायचो. "म्हंजी गोळीला गुण येईल."

तो हसायचा. मला हसू यायचं नाही. खरं बोलणाऱ्याकडेच लोक संशयानं बघतात, याची चीड यायची.

समोर, रस्त्याच्या पलीकडे डॉक्टर हरिओमचा दवाखाना. माणूस हुशार, हाताला गुण, खोटं कशाला बोलू? पण दवाखान्याच्या आतच त्याच्या मेहुण्याचं मेडिकल, आणि चिठ्ठीवर जे नाव लिहिलेलं असायचं ते पाकीट अख्ख्या गावात तिथंच मिळायचं. त्यात एक रीत होती. औषध घेतलं की आधी डॉक्टरला आणून दाखवायचं, मगच घरी न्यायचं. रीत मूळची चांगली. न वाचता येणाऱ्या माणसाच्या पदरात भलतं औषध पडू नये म्हणून पडलेली. पण चांगल्या रीतीचा फास करायला आपल्याकडे कितीसा वेळ लागतो? बाहेरून आणलेलं पाकीट दिसलं की तिथून एकच उत्तर मिळायचं, हे ते नव्हे.

छबुबाई त्याच डॉक्टरची पेशंट. वस्तीवर राहणारी, दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाणारी बाई. तिला शुगर निघाली. सरकारी दवाखान्यात गोळी फुकट, पण ती असली तर. एरवी 'बाहेरून घ्या'. मेहुण्याच्या मेडिकलचा भाव झेपेना, म्हणून श्रावणात एका बाजाराच्या दिवशी ती चिठ्ठी घेऊन अप्पाकडे आली. अप्पानं चिठ्ठी वाचली, तीच गोळी, तेवढ्याच ताकदीची, दुसऱ्या कंपनीची काढली आणि तिच्या हातावर ठेवली.

"मावशी, नाव येगळं हाय, पन औषध त्येच हाय. ती गोळी बंद करायची आन् ही घ्यायची. कळलं?"

"कळलं की अप्पा," ती म्हणाली. मी तिथंच उभा होतो. तिनं मान हलवली होती.

रीतीप्रमाणे ती पाकीट दाखवायला रस्ता ओलांडून गेली. तिथं कंपाउंडरनं बघितलं आणि म्हणाला, हे आपलं औषध नाही, आपलंच घ्यायचं. छबुबाईनं उसनवारी केली आणि डॉक्टरचंही पाकीट घेतलं. आता अप्पाचं परत करायचं, तर अप्पाला वाईट वाटेल. डॉक्टरचं टाळायचं, तर डॉक्टर रागावेल. भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही. आणि तिचा हिशेब तिच्यापुरता सरळ होता. डॉक्टरकडचे म्हणाले ना, हे ते औषध नव्हे? म्हणजे दुसरंच कसलं तरी असणार. आणि अप्पानं दिलंय म्हणजे चांगलंच असणार. तिनं सकाळी दोन्ही घ्यायला सुरुवात केली.

श्रावणी सोमवारी उपाशीपोटी दोन्ही गोळ्या घेऊन ती खुरपायला गेली आणि दुपारी पाटात आडवी पडली. अंगावरून घामाच्या धारा, बोललेलं कळेना. मुलानं, अंगदनं, मागे एकाला बसवून मोटारसायकलवर मधे धरून डॉक्टर हरिओमकडे आणली. डॉक्टरनं शिरेतून ग्लुकोज दिलं आणि बाई शुद्धीवर आली. जीव त्यानंच वाचवला, हेही खरं. मग त्यानं तिच्या पिशवीतली दोन्ही पाकिटं टेबलावर ठेवली आणि अंगदला विचारलं, "हे कुणी दिलं?"

संध्याकाळपर्यंत गावात झालं, अप्पाच्या गोळ्यांनी बाई मरता मरता वाचली.

अंगद दुकानात आला तेव्हा त्याच्या डोळ्यांत रक्त होतं. "ओ अप्पा, माझी आई मारता का? कावून दिल्या असल्या हलक्या गोळ्या?"

अप्पानं दोन्ही पाकिटं हातात घेतली आणि मागचं बारीक अक्षर बोटानं दाखवलं. "वाच. दोन्हीत औषध एकच हाय. मावशीनं दोन्ही घेतल्या म्हनून झालं."

अंगदनं वाचलं. मग म्हणाला, "एकच हाय, तर दाक्तरकडं हे न्हाई म्हनून कावून सांगितलं? आन् एकच हाय, तर भावात येवढा फरक कसा?"

आता याचं उत्तर अप्पानं काय द्यावं? ते द्यायला हवं दिल्लीत बसलेल्यांनी, नाहीतर समोरच्या मेहुण्यानं. मी तरातरा रस्ता ओलांडून डॉक्टरला गाठलं. तो शांतपणे म्हणाला, "काका, मी लिहिलेलं औषध दुकानदारानं परस्पर बदलायचं नसतं. कायदा आहे." होता, कायदा तसाच होता. मी वकिलाला विचारलं. कायदा बोट ठेवतो तो अप्पावर. एकाच गोळीचे हवे ते भाव छापणाऱ्यावर बोट ठेवणारा कायदा आहे की नाही, ते वकिलालाही नीट सांगता येईना. त्या दिवशी माझं जेवणावर मन नव्हतं.

अप्पानं त्यानंतर बदलून देणं सोडलं. चिठ्ठीत असेल ते, नसेल तर नाही. दुकान पहिल्यापेक्षा बरं चालायला लागलं, कारण आता भावही छापील घ्यायचा.

दसऱ्याच्या आसपास छबुबाई लंगडत आली. पायाच्या अंगठ्याला खुरपं लागलं होतं, मलम हवं होतं. अप्पानं काउंटरवरून वाकून बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. अंगठा काळपट पडला होता.

"मावशी, शुगरची गोळी चालू हाय का?"

"न्हाई बाबा. तिकडली परवडत न्हाई, आन् तुमची घेऊ न्हाई म्हनून अंगदनं शपत घातलीया."

"आजच्या आज बीडला मोठ्या दवाखान्यात जा. हे मलमाचं काम न्हाई," अप्पा म्हणाला. ती हो म्हणाली. ती सगळ्यांनाच हो म्हणायची.

"गोळी दे की तिला!" मी ओरडलो. अप्पाचा हात फळीपर्यंत गेला आणि तिथंच राहिला.

"आन् पुन्यांदा काय झालं तर?" तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "मारेकरी म्हनून घेतलंय एकदा. लई झालं."

आमचा आवाज चढलेला बघून छबुबाई संकोचली. "माझ्यापाई भांडू नगा," म्हणाली आणि मलम घेऊन स्टँडकडे न जाता वस्तीच्या वाटेला लागली. आम्ही दोघंही तिला जाताना बघत राहिलो.

दिवाळी झाल्यावर बीडला तिचा पाय घोट्यापासून काढला. परवा अंगद ड्रेसिंगचं सामान घ्यायला अप्पाकडे आला होता. पैसे देताना म्हणाला, "अप्पा, तुमाला तर समदं म्हाईत व्हतं. तुमी तरी तिला गोळी द्यायची व्हती."

अप्पानं सामान पिशवीत भरून दिलं आणि उरलेले पैसे मोजून परत केले. मी बोललो. काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही.