एकलहऱ्याच्या चिमणीवरचा आळ

आमच्या यांना नाशिकात कुठेही उभं करा, मान आपोआप एकलहऱ्याच्या वीजकेंद्राकडे वळायची. हे कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत. ऐंशीच्या दशकात त्यांनी एक खूळ डोक्यात घेतलं होतं: इथल्या हवेत कार्बन मोनॉक्साईड कुठून येतो ते शोधायचं. या वायूला ना रंग ना वास. म्हणून हातपंपाने काचेच्या बारीक नळीत हवा ओढायची. आतली पिवळी पूड तपकिरी झाली की समजायचं, चोर इथेच आहे. निफाडकडची गुऱ्हाळं, घोटीचे ट्रक, सगळीकडे स्कूटरवरून नळ्या घेऊन हिंडायचे. पण मनातल्या मनात निकाल कधीच लागलेला होता: वीजकेंद्राची चिमणी. दिसते एवढी मोठी, मग गुन्हाही तिचाच!

त्या हिवाळ्यात मी बाळंतपणाला नाशिकरोडला माहेरी आले. मुलगी झाली. आईने रीतीप्रमाणे बाजेखाली कोळशाची शेगडी ठेवली, ओव्याची धुरी दिली, खिडक्या लावून घेतल्या. थंडी अशी की दात वाजायचे, त्यामुळे शेक बरा वाटे. पण थोड्याच दिवसांत माझं डोकं असं ठणकायला लागलं की आईचा आवाजही नको झाला.

हे भेटायला आले. अंगणातून चिमणी दिसली, झालं!

“सांगत नव्हतो? धूर सरळ घरात येतोय.”

स्वतः कणकेची खळ शिजवली आणि खिडक्यांच्या फटी वर्तमानपत्रांनी चिकटवून टाकल्या. आई खूश.

“बघ, बाळंतिणीला वारा लागू नये हे जावईबापूंना कळतं, तुला नाही.”

लग्नानंतर सासू-जावयाचं पहिल्यांदाच एकमत झालं, आणि त्यात मी उकडून निघाले.

डोकेदुखी थांबेना, वर मळमळ. आईने दृष्ट काढली, मोहऱ्या-मिरच्या त्याच शेगडीत टाकल्या. ठसका लागला नाही तर दृष्ट, असं म्हणतात. मला तर खोकून खोकून डोळ्यांत पाणी आलं. तरी आई म्हणाली, “लागलीच होती.” आता काय बोलणार, कपाळ! लेक मात्र गप्प पडून असायची. आई शेजारणींना कौतुकाने सांगे, “भारी शहाणी पोर. रडणं नाही की काही नाही, दुधालासुद्धा उठवावं लागतं.” मलाही बरंच वाटायचं, माझी झोप व्हायची.

रविवारी हे पुन्हा आले ते चिमणीला पकडायच्या तयारीनेच. अंगणात एकलहऱ्याकडे तोंड करून उभे राहिले, पंप दाबत राहिले. पूड पिवळी ती पिवळीच. बिचाऱ्यांचं तोंड एवढंसं झालं.

“नळीच खराब निघाली,” म्हणत खोलीत आले. “हे बघ, कुठेही धरा, काही होत नाही.” आणि मला दाखवायला बाजेशेजारी पंप दाबला.

पूड बघता बघता तपकिरी झाली.

यांनी नळीकडे पाहिलं, वाकून बाजेखाली पाहिलं, मग स्वतः चिकटवलेल्या कागदांकडे पाहिलं. आणि एकदम ओरडले, “आई, पोरीला बाहेर न्या! आधी पोरीला!” मला तर यांनी जवळजवळ ओढतच अंगणात आणलं. आत जाऊन कागद टराटरा फाडले, शेगडी उचलून बाहेर आपटली.

आईच्या हातात पोर होती, मान टाकलेली. मी तिचे तळवे चोळले, गालावर टिचक्या मारल्या. डोळे उघडेना.

आणि आठवडाभर जिच्या न रडण्याची गल्लीभर फुशारकी मारली, तिला छातीशी धरून, बोचऱ्या थंडीत, डोक्यावरचा पदर कुठे गेला याचं भान नसलेली माझी आई तिला विनवत होती, “रड गं माझे बाई. एकदा रड. हट्ट कर, छळ आम्हाला, पण रड.”

किती वेळ गेला कोण जाणे. मग पोरीने तोंड वाकडं केलं आणि असा टाहो फोडला की शेजारणी धावत आल्या.

“काय हो, आज रडते कशी?”

आईही रडतच होती.