लग्नात वाटलेले चाकू

लग्नाचे फोटो फोनमध्ये असतात, फोन बदलला की जातात. किस्से मात्र कुठे जपून ठेवावे लागत नाहीत. आमच्या पार्सिपनीच्या घरी चार माणसं चहाला बसली की कोणीतरी म्हणतंच, "आजोबा, तो चाकूचा सांगा ना!"

"कुठला?" मी विचारतो. कारण एक सांगायला घेतला की दुसरा मध्ये घुसतो. मला काही घाई नाही. सगळेच सांगतो.

*

नातू रोहनचं लग्न ठरलं. इथे अमेरिकेत नवरदेवाचे खास मित्र एकसारखे कपडे घालून त्याच्या बाजूला उभे राहतात, आणि नवरदेव त्यांना भेट देतो. रोहनचे तिघे: जर्सी सिटीचा अमेय, ऑफिसातला ब्रायन, आणि टेक्ससमधल्या फ्रिस्कोचा केदार.

केदार त्याचा कॉलेजपासूनचा रूममेट. पण वर्षभर दोघांचं बोलणं बंद. का, ते रोहन सांगेना. केदार लग्नाला येईल की नाही या काळजीनं पोरगं धड जेवत नव्हतं.

"आजोबा, गिफ्ट काय देऊ? सगळे कफलिंक्स देतात."

"त्याचं करतात काय?"

"काही नाही. ड्रॉवरमध्ये पडून राहतात."

"मग खिशात राहील असं काहीतरी दे. घडीचा चाकू दे."

आमची सून मीनल किचनमधून ओरडली, "बाबा! शुभकार्यात चाकू?"

"केळवणाची भाजी तू दातांनी चिरलीस का गं?"

चाकू पास झाला!

*

दुकानात काचेखाली चाकूंची ही भली मोठी रांग! रोहनला त्यातला सगळ्यात जाडजूड, काळा आवडला. विकणारा गोरा गृहस्थ रंगात येऊन माहिती देत होता आणि रोहन मला मराठीत सांगत होता.

"आजोबा, ॲक्सिडेंट झाला तर यानं सीटबेल्ट कापता येतो."

"ॲक्सिडेंट रोज होतो का रे?"

"नाही."

"सफरचंद रोज खाता ना? मग ते कापतं का, विचार."

रोहननं विचारलं. गृहस्थ म्हणाला, "नोबडी एव्हर आस्क्ड!" आणि आत जाऊन स्वतःच्या डब्यातलं सफरचंदच घेऊन आला. जाड चाकूनं ते तडकन दुभंगलं. मग लाकडी मुठीचा साधा चाकू काढला, त्यात छोटी कात्री आणि स्क्रूड्रायव्हरही होता. त्यानं पातळ, सुरेख फोड निघाली.

तिघांनी फोडी खाल्ल्या, मग बिल केलं.

"केदारचा पण घेऊ?" रोहननं हळूच विचारलं. "तो आलाच नाही तर?"

"चाकू काय नासतो का? घे."

*

आता केदारला कळवायचं कसं? रोहन मेसेज लिहायचा, खोडायचा, परत लिहायचा. मी म्हटलं, "माफी-बिफी राहू दे. कामाचं तेवढं लिही."

मग त्यानं लिहिलं, "गिफ्ट केबिनमध्ये नेता येत नाही. चेक-इन बॅग आण."

संध्याकाळी उत्तर आलं. नुसता अंगठा!

घरात चर्चा सुरू. रोहन म्हणे, "येतोय." मीनल म्हणे, "अरे, अंगठा म्हणजे फक्त वाचलं!"

मी अक्षरं शिकलो ती उतारवयात, या मीनलकडूनच. त्याआधी सगळ्या कागदांवर अंगठाच. म्हटलं, "मला विचारा. अंगठा दिला की माणूस बांधला जातो!"

*

लग्नाच्या दिवशी वरात निघायच्या ऐन वेळी अमेयच्या पायजम्याच्या नाडीला निरगाठ बसली. सुटेना. ब्रायन धावत आला. आदल्या संध्याकाळीच मिळालेला नवा चाकू, हात शिवशिवत होतेच. "आय गॉट यू, यार!" म्हणाला आणि खटकन नाडीच कापली!

गाठ सुटली. पायजमाही सुटला.

अमेय पूर्ण वरातीत डावा हात कमरेवर ठेवून चालला. मुलीकडच्या एक मावशी मला म्हणाल्या, "हा मुलगा काय रुबाबात चालतो हो! लग्नाचा आहे का?"

*

वरात दाराशी पोचली आणि पाहतो तर केदार तिथे उभा. विमानतळावरून थेट आलेला, शर्ट चुरगळलेला.

रोहन मुंडावळ्या बांधलेला. दोघं समोरासमोर. ढोल थांबला.

रोहननं खिशातून केदारचा चाकू काढला आणि पुढे धरला.

"हातात नको!" मीनल किंचाळली. "हातात दिला की भांडण होतं! खाली ठेव, तो उचलून घेईल!"

आपल्याकडे तशीच रीत आहे. अमेयला आणि ब्रायनलाही चाकू टेबलावर ठेवूनच द्यायला तिनं रोहनला लावलं होतं.

रोहन बिचारा खाली वाकायला लागला. केदारनं त्याचं मनगट धरलं.

"काकू," तो म्हणाला, "भांडण आधीच झालंय. हातातच देऊ दे त्याला."