पिवळ्या मातीपर्यंत

बाबूचाचा गेले त्या सकाळी मी टँकरपाशी उभी राहून नंबर पुकारत होते. उन्हाळा सुरू झाल्यापासून मांजरसुंब्याकडून टँकर येतो, एका दिवशी दोन गल्ल्या, आणि कुठल्या गल्लीचा कुठला दिवस हे माझ्या वहीत असतं. चाचांची पुतणी घाईघाईने आली आणि माझ्या कानाशी म्हणाली, "बाई, चाचा गेले. चाची म्हणतीय, मय्यतीच्या आंघोळीला पाणी न्हाई." त्यांच्या गल्लीची पाळी परवा होती. मी ड्रायव्हरला सांगितलं, आधी दोन पिंपं तिकडे भरा. तो माझ्या तोंडाकडे बघतच राहिला, कारण यादी पुढेमागे करणारी मी नव्हे हे त्यालाही माहीत होतं. रांगेत तीसेक बायका घागरी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी बाजूला सरून टँकरला वाट दिली. दोघीतिघी तर घागरी खाली ठेवून टँकरच्या पुढे चालू लागल्या, जैतूनचाचीपाशी जाऊन बसायला.

बाबूचाचा म्हणजे आमच्या तळ्याचे पाटकरी. तळ्याचं दार उघडायचं, पाटाला पाणी सोडायचं, कोणाच्या शेतात किती वेळ जाईल ते बघायचं, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. त्यांना स्वतःला शेत नव्हतं. घरामागे एक सीताफळाचं झाड, तेवढीच त्यांची बागायत. मी या गावात सून म्हणून आले, पुढे दूध संस्थेची सचिव झाले आणि माझ्या याद्या चुकत नाहीत म्हणून पाणी वापर संस्थेचं सचिवपदही माझ्याच गळ्यात पडलं. तेव्हापासून त्यांनी मला 'यादीबाई' हे नाव ठेवलं. संस्थेच्या दारात यायचे, हातातली सळई उंबऱ्यावर दोनदा वाजवायचे आणि म्हणायचे, "यादीबाई, माझं मरण कितव्या नंबरला हाय, तेवढं बघून ठेवा." मी म्हणायची, "चाचा, अर्जच आला नाही तुमचा." एवढ्यावर खूश होऊन ते तळ्याकडे निघायचे.

ती सळई त्यांच्या खांद्याइतकी उंच, वरच्या टोकाला चिंध्या गुंडाळलेल्या, अंगावर कानशीने पाडलेल्या खाचा. नोकरी संपली तरी रोज सकाळी तळ्यावर जाऊन ती गाळात खुपसायची आणि वर काढून टोक बघायचं, ही सवय सुटली नव्हती. सगळ्यात वर काळा गाळ. त्याखाली पिवळी चिकण माती. तिच्याखाली मुरूम. फार मागच्या मोठ्या दुष्काळात हे तळं झालं, तेव्हा चाचा तरणेताठे होते आणि त्याच कामावर होते. पहिल्या पावसाळ्यात काठावरच्या चिंचेच्या बाजूने, मुरमातून, तळं गळायला लागलं. मग पलीकडच्या माळाची पिवळी माती गाड्यांनी आणून तिथे पसरली आणि त्या ओल्या मातीवर आठ दिवस बैल फिरवले. त्यातली एक जोडी चाचा हाकत होते. "बैलांच्या खुरांनी शिवलंय ते तळं," असं ते सांगायचे. ही गोष्ट मी शंभरदा तरी ऐकली असेल... म्हाताऱ्या माणसाची गोष्ट ऐकावी तशीच.

तीन वर्षांपूर्वी तळं पूर्ण आटलं. आमच्या संस्थेचे अध्यक्ष दगडूअण्णा यांनी बैठक घेतली. मशीन संस्थेचं, ट्रॅक्टर ज्याचा त्याचा, तळ्यातला गाळ काढायचा आणि शेतात टाकायचा. तळं खोल होईल, रानं सुधारतील. बैठकीत नाही म्हणणारं कोणी नव्हतं, चाचाही नव्हते. पण गाळ म्हटल्यावर पहिला कोण यावरून भांडणं होणार हे मला दिसत होतं. मी मारुतीच्या देवळात सगळ्यांदेखत चिठ्ठ्या काढल्या, प्रत्येकाला पाच ट्रॉल्या ठरवल्या आणि त्रेसष्ट नावांची यादी भिंतीवर लावली. बासष्ट नावं शेतकऱ्यांची. त्रेसष्टावं बाबूचाचांचं, कारण त्यांना सीताफळाच्या बुडाला एक ट्रॉली हवी होती. बिनशेतीचा माणूस शेवटी, हा नियम मीच केला होता. एकाही माणसाचं भांडण न होता चाळीस नावं झाली. आसपासच्या गावांची माणसं यादी बघायला येत होती आणि खरं सांगायचं तर मला त्याचा अभिमान वाटत होता.

एकेचाळिसावं नाव झालं त्या दुपारी उंबऱ्यावर सळई वाजली. चाचांनी टोक माझ्यापुढे धरलं. टोकाला बोटभर पिवळी माती होती आणि तिच्याखाली मुरमाचे खडे चिकटले होते.

"बाई, लई झालं आता. मशीन थांबवा. चिंचेकडं पिवळी ऱ्हाईलीच न्हाई, बोटभर हाय."

मी म्हटलं, "चाचा, अजून बावीस नावं आहेत."

पुढचा नंबर लक्ष्मणभाऊंचा. ते ट्रॅक्टर घेऊन संस्थेसमोरच उभे होते. ते आत आले आणि चाचांना नव्हे, मलाच म्हणाले, "एकेचाळीस जणांनी रानं काळी करून घेतली, आन् आमचा नंबर आला की माती पिवळी झाली व्हय? चिठ्ठ्या तुमीच काढल्या ना बाई? मग आता कावून थांबायचं?"

यात चूक काय होतं ते मला आजही सांगता येणार नाही. पाच एकरांचा कोरडवाहू माणूस पंधरा दिवस आपल्या नंबराची वाट बघत होता. चाचाही त्यांच्यावर चिडले नाहीत. भिंतीपाशी गेले, माझ्या टेबलावरची पेन्सिल घेऊन त्रेसष्टाव्या ओळीवर रेघ मारली आणि म्हणाले, "घ्या, माझं नाव काटलं. आता वरची काटायला तुमाला तोंड हाय."

मी ती काटली नाहीत. मी हिशोबी बाई, मला वाटलं यातूनही मार्ग निघतो. उरलेल्यांना पाचऐवजी दोन-दोन ट्रॉल्या केल्या, दगडूअण्णांनी मान डोलावली, लक्ष्मणभाऊ कुरकुरत तयार झाले आणि प्रश्न सुटला असं मी धरून चालले. मशीन आणखी चार दिवस चाललं. चिंचेच्या बाजूचाच उतार सोपा होता, तिथूनच ट्रॉल्या भरल्या गेल्या. चाचा ते चारही दिवस बांधावर बसून होते. मशीनपुढे आडवे झाले नाहीत, कोणाला शिवी दिली नाही. डबा न्यायला आलेल्या चाचीला फक्त एवढंच म्हणाले म्हणे, की बैल आठवतायत.

त्या वर्षी पाऊस इतका चांगला झाला की तळं काठोकाठ भरलं. सगळ्या गावाने नारळ फोडले, लक्ष्मणभाऊंनी पेढे वाटले. चाचांनी मात्र पाण्याच्या काठाला एक खुंटी ठोकली. दुसऱ्या दिवशी दुसरी, तिसऱ्या दिवशी तिसरी. दोन खुंट्यांमध्ये पहिल्यांदा वीतभर अंतर होतं, मग हातभर झालं. ऊन नव्हतं, मोटारी बंद होत्या, तरी पाणी जात होतं. आम्ही रोज सकाळी जाऊन बघायचो. बघण्यापलीकडे करण्यासारखं काहीच नव्हतं... पाण्याखालचं भोक कोण बुजवणार? संक्रांतीला तळ्यात चिखल राहिला. त्याच वेळी खालच्या गावच्या विहिरी कधी नव्हे त्या तुडुंब असल्याची बातमी आली. बैठकीत सगळे खाली माना घालून बसले होते, तेव्हा चाचाच म्हणाले, "वाया न्हाई गेलं. पाव्हण्याकडं गेलं." हसलं कोणीच नाही. मग तेच थोडंसं हसले.

त्या उन्हाळ्यात मी दुसरी यादी केली. ज्यांनी गाळ नेला त्यांनी एकेक ट्रॉली चिकण माती परत आणायची. तळ्यातली पिवळी आता शेतांत काळ्या गाळात कालवली गेली होती आणि त्यावर लोकांनी ठिबक अंथरलं होतं. पलीकडच्या माळावर, जिथून पूर्वी माती आणली होती, तिथे आता वस्ती होती. नाही कोणीच म्हणालं नाही. सगळ्यांनी सह्या केल्या. ट्रॉल्या आल्या अकरा, त्यातली एक लक्ष्मणभाऊंची. चाचांनी ती माती चिंचेखाली पसरून घेतली, टँकरचं उरलंसुरलं पाणी शिंपडलं आणि विचारलं, "बैलं?" सगळ्या गावात मिळून तीन बैल होते, त्यातला एक लंगडा. शेवटी माळावर उतरलेल्या धनगराला विनवून त्याच्या मेंढ्या फिरवल्या. ऐंशीच्या घरातले चाचा सळई घेऊन मेंढ्यांमागे "हुर्र, हुर्र" करत फिरत होते आणि बांधावर उभं राहून गाव बघत होतं. अकरा ट्रॉल्यांची माती त्या एवढ्या मोठ्या उघड्या जागेला किती पुरणार, हे मला कागदावर मांडून कळलं होतं. त्यांना ते बघूनच कळलं असणार. तरीही ते तीन दिवस फिरले.

पुढच्या पावसाळ्यात तळं महिनाभर जास्त टिकलं. फक्त महिनाभर. गेल्या वर्षी तर पाऊसच झाला नाही.

चाचा जाण्याआधी आठ दिवस मी त्यांना भेटायला गेले होते. बाजेवर पडून होते, श्वास लागत होता. सळई उशाशी भिंतीला टेकवलेली. त्यांनी विचारलं, "पाणी?" तळं केव्हाच कोरडं पडलं होतं. मी म्हटलं, "आहे की. चिंचेपर्यंत आहे." ते म्हणाले, "यादीबाई... तुमाला खोटं बोलाया येत न्हाई. शिकू बी नका." मग डोळे मिटून, "माझा अर्ज आला का?"

चाचांच्या चाळिसाव्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले तेव्हा जैतूनचाचींनी सळई माझ्या हातात दिली. "लेकरं भंगारात घालतील," म्हणाल्या. ती आता संस्थेच्या खोलीत, दाराच्या मागे आहे. खोली झाडणाऱ्या बाईला मी सांगितलंय, हिला हात लावू नकोस, कारण टोकाच्या खाचेत वाळलेली पिवळी माती अजून आहे. परवा सकाळी मी ती घेऊन तळ्यावर गेले आणि चिंचेखाली खुपसून पाहिली. मेंढ्यांच्या खुरांनी दाबलेला पातळ थर लागला, आणि लगेच मुरमाची खरखर.

परत येऊन जुनी यादी काढली. त्रेसष्टाव्या ओळीवर त्यांची पेन्सिलची रेघ आहे, जरा वाकडी. तिच्या वरची एकवीस नावं माझ्या अक्षरात, स्वच्छ, एकही खाडाखोड नसलेली. टँकरपाशी उभ्या असलेल्या त्या तीस बायका मला आठवल्या. त्या सकाळी मी यादी मोडली, आणि एकीनेही विचारलं नाही, का मोडली.